समुद्रकाठचे रान, दादांचे गुडघे आणि गिधाड

आमच्या नीरा-नरसिंहपूरला पाण्याची नवलाई नाही. नीरा आणि भीमा इथे एकत्र येतात, लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाखालचा घाट नदीत उतरतो आणि गावातली पोरे लहानपणीच पोहायला शिकतात. समुद्र मात्र आमच्यापैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिलेला. गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर ऊस कारखान्याला गेला तेव्हा माझे थोरले बंधू म्हणाले, "डॉक्टर, लोकांना हवापालट सांगतोस. आम्हाला कधी समुद्र दाखवणार?"

दादांचे वय चौसष्ट. रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरणारे. तरी निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगावच्या पुढे गेले की कोकणातही एक इंदापूर लागते. पाटी वाचून दादा हसले, "आपल्याच तालुक्यात आलो की रं!" तिथून तळे मार्गे मुरुड.

मुरुड आणि काशीदच्या किनाऱ्यामागे डोंगरात फणसाड अभयारण्य आहे. हे एकेकाळचे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. आत सांबर, भेकर, बिबट्या आणि आपल्या राज्याचा प्राणी शेकरू आहे. गारंबीचे वेल झाडांवर दोरखंडासारखे चढलेले आणि त्यांना हातभर लांबीच्या शेंगा. पाणवठ्यांना तिकडे 'गाण' म्हणतात. पायवाटा एका गाणीकडून दुसऱ्या गाणीकडे जातात. एका दिवसात सकाळी रान आणि संध्याकाळी वाळू, अशी सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे.

सुपेगावहून वाटाड्याला बरोबर घेऊन आम्ही सकाळी चालू लागलो. तासाभरात अंगावरचा सदरा पिळून काढावा इतका घाम आला. वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडची हवा कोरडी. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग थंड करतो. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही. पाणी अंगातून जाते, पण अंग काही थंड होत नाही. म्हणून तिथे तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे लागते. दादा मात्र पाणी नको म्हणत होते. वाटेत लघवीची पंचाईत नको, हे त्यांचे कारण.

एका उंच झाडावर वाटाड्याने शेकरूचे घरटे दाखवले. पुढे गाणीजवळ पोहोचलो आणि दादा मटकन दगडावर बसले. "पाय भरून आलं. जरा गरगरतंय," म्हणाले. मी नाडी पाहिली. जलद होती, जीभ कोरडी.

आम्ही सावलीत थांबलो, तेवढ्यात वाटाड्या गिधाडांविषयी बोलू लागला. या रानात अजून गिधाडे आहेत, पण पूर्वी होती तेवढी कुठेच राहिली नाहीत. नव्वदच्या दशकापासून आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे इतकी मेली की शंभरात एखादे उरावे. कारण २००४ च्या सुमारास उघड झाले. गुरांना वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफिनॅक दिले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

ऐकता ऐकता माझ्या मनात पाल चुकचुकली. "दादा, गुडघ्यासाठी काही घेता का?"

दादांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढले. तेच औषध! मेडिकलमधून परस्पर आणलेले. "प्रवासात त्रास नको म्हणून चार दिवस दोन-दोन घेतोय. तुला सांगितलं असतं तर तू ओरडला असतास." लघवी शेवटची पहाटे झाली होती. घरात डॉक्टर असून मी कधी विचारले नव्हते, याची मला लाज वाटली.

माणूस काही गिधाड नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध आपल्याला उपयोगी पडते. पण अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आपल्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्यासाठी धडपडते. वेदनाशामक गोळी नेमकी तीच धडपड बंद पाडते. त्यातून दादांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

जलसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजून आम्ही हळूहळू परत आलो. गोळ्या बंद केल्या. दुपारी थोडी, गडद लघवी झाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तरी त्याच संध्याकाळी रक्त तपासून घेतले. क्रिएटिनिन २.१ निघाले. चांगल्या मूत्रपिंडाला ते बरेच जास्त. दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढले. घरी आल्यावर दहा दिवसांनी ते १.१ वर आले. दैव बलवत्तर म्हणायचे.

निघण्यापूर्वी दादांना काशीदची वाळू दाखवली. ते काठावरूनच म्हणाले, "बरा असतो तर उडी टाकली असती. पट्टीचा पोहणारा हाय मी." नदीकाठच्या माणसाला हा विश्वास घात करतो. नदीची ओढ एका दिशेला असते. समुद्र पुढे ढकलतो आणि ओहोटीला मागे ओढतो. २०१६ च्या फेब्रुवारीत याच मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. ओढीत सापडलात तर काठाकडे झगडू नका. काठाला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग काठाकडे वळा.

सहलीला जाणाऱ्यांनी एवढे करावे. महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास चालण्याची सवय लावावी. रानात अंगभर कपडे आणि बंद बूट घालावेत, परतल्यावर गोचीड पाहावी. पाण्याची बाटली आणि जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण गुडघ्याची गोळी आपल्या मनाने सुरूही करू नये. चार-सहा तास लघवी झाली नाही, तर चालणे थांबवून पाणी प्यावे. तरीही होत नसेल तर दवाखाना गाठावा.

दादा आता पहाटे घाटाच्या पायऱ्या सांभाळून उतरतात, काठाने चालतात. गुडघे अजून कुरकुरतात. परवा दवाखान्यात आले, खिसा उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "बघ, रिकामा हाय." यंदा पुन्हा फणसाडला जायचे म्हणतात. गिधाड पाहायचे राहून गेले ना!