शुद्धिपत्राचे मानकरी

प्रस्तावनेच्या अखेरीस ‘सुज्ञ वाचकांनी दोष निदर्शनास आणावेत’ असे लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनीच आहे. लेखक ते वाक्य नम्रतेपोटी लिहितो आणि वाचकही ते नम्रता म्हणूनच वाचतो; पत्र पाठविण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. कथा-कादंबरीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकविणाऱ्या पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी. तेथे एखादे विरामचिन्ह गळाले तरी यंत्र अडते, आणि नवशिका विद्यार्थी तो दोष पुस्तकाचा न मानता आपल्या बुद्धीचा मानतो. त्यातून लेखक स्वतःच प्रकाशक असेल, तर मजकुरावर दुसरी नजर फिरविणारा संपादकही त्याच्यापाशी नसतो.

अमेरिकेतील कोल्बी महाविद्यालयाचे प्राध्यापक ॲलन डाउनी १९९९ च्या जानेवारीत नेमके या अवस्थेत होते. जावा भाषेचा प्राथमिक वर्ग त्यांनी पूर्वी तीनदा घेतला होता. पाठ्यपुस्तके अवाढव्य, आणि विद्यार्थी ती वाचीत नाहीत, हा अनुभव गाठीशी होता. वर्ग सुरू होण्यास दोन आठवडे उरले असता त्यांनी रोज एक याप्रमाणे तेरा दिवसांत तेरा प्रकरणे लिहिली, चौदाव्या दिवशी ती तपासली आणि छायाप्रती काढून बांधून घेतल्या. एका दिवसाच्या तपासणीतून किती दोष निसटले असतील, हे सांगावयास नको. परंतु डाउनी यांनी पुस्तक मुक्त परवान्याखाली खुले केले. कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात, त्यात फेरफार करावेत, ते वाटावे.

व्हर्जिनियातील जेफ्री एल्कनर या शाळाशिक्षकांनी ते पायथॉन भाषेत उतरविले, आणि डाउनी ती भाषा आपल्याच पुस्तकावरून शिकले! एल्कनर यांची युक्ती साधी होती. जो विद्यार्थी चूक दाखवील, किंवा ज्याच्या सूचनेमुळे मजकुरात बदल होईल, त्याला एक जादा गुण. गुणांच्या लोभाने का होईना, मुले पुस्तक बारकाईने वाचू लागली. २००१ साली निघालेली ही आवृत्ती डाउनी यांनी ‘ग्रीन टी प्रेस’ या स्वतःच्या प्रकाशनातर्फे विकावयास ठेवली. पुढे तिच्यातूनच ‘थिंक पायथॉन’ तयार झाले आणि २०१२ साली ओरायली या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते काढले. शंभराहून अधिक वाचकांनी दुरुस्त्या कळविल्याची कबुली त्या ग्रंथात आहे.

या प्रकरणात एल्कनर यांची मुले महत्त्वाची ठरतात. अभिप्राय म्हटला की लेखक तज्ज्ञाकडे धाव घेतो. तज्ज्ञ मात्र गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून पुढे जातो. ठेच लागते ती नवख्याला. अर्थात ठेच कोठे लागली हे नवखा सांगेल, वाट कशी दुरुस्त करावी हे त्याला सांगता येईलच असे नाही. तो निर्णय लेखकाचाच. प्रत्येक पत्रलेखकाला आणखी एक प्रकरण हवे असते. सर्वांचे ऐकले, तर ज्या जाडीला डाउनी कंटाळले होते तीच पुन्हा पदरी पडावयाची.

याला एक आक्षेप घेता येतो, आणि तो क्षुल्लक नाही. विकावयाच्या मालातील दोष गिऱ्हाइकाने फुकट का शोधावेत? डोनाल्ड क्नुथ या ख्यातनाम संगणकशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नव्या चुकीमागे २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश देण्याचा परिपाठ ठेवला. कित्येकांनी तो न वटविता जपून ठेवला. २००८ साली बँक-खात्यांच्या गैरवापरामुळे धनादेश थांबले, तेव्हा क्नुथ एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देऊ लागले. तीही लोकांनी आनंदाने स्वीकारली. म्हणजे पैशाचा हिशेब येथे गौण आहे. डाउनी यांच्या पुस्तकाची सुधारलेली प्रत तर दुरुस्ती सुचविणाऱ्याला आणि इतर सर्वांनाही विनामूल्य मिळत राहिली. भारी किंमत लावून, सर्व हक्क राखून ठेवून, वर वाचकांकडून मुद्रितशोधनाचीही अपेक्षा करणाऱ्या लेखकाला असे काय देता येईल? निदान नाव तरी. डाउनी यांच्या यादीत अमुक विभागातील एक दुरुस्ती अमक्याने कळविली, इतक्या लहान नोंदी आहेत.