'एकदाच' म्हणणाऱ्याला उंदराची गोष्ट सांगा

'एकदाच घेऊन बघ, काही होत नाही!' लोणी भापकरहून एसटीने बारामतीला कॉलेजला येता? मग हे वाक्य तुमच्याही कानावर येऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभ एमआयडीसीत, एमडी म्हणजे मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला. हे सगळं आता फक्त मुंबईत घडत नाही.

अशा पदार्थाची चटक मोजतात कशी? प्रयोगशाळेत उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवतात. त्याने लिव्हर दाबली की डोस मिळतो. मग दर डोसला 'भाव' वाढवतात: आधी एकदा दाबायचं, मग दोनदा, चारदा, पुढे कितीतरी वेळा. उंदीर जिथे नाद सोडतो, तो 'ब्रेकपॉइंट'. तो जितका लांब, तितकी चटक जबर. नुसतं मिठाचं पाणी मिळालं, तर उंदीर लवकर कंटाळतो. मेफेड्रोनसाठी मात्र ते पुन्हा पुन्हा लिव्हर दाबताना दिसलेत.

त्या उंदराला ना ब्रेकअपचं दुःख, ना परीक्षेचं टेन्शन, ना मित्रांचा आग्रह. तरी त्याची ही गत! मग 'माझा कंट्रोल आहे' हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? 'नाही' म्हणणं सगळ्यात सोपं असतं, ते पहिल्यांदा लिव्हर दाबण्याआधी. आणि एखादा मित्र अडकलाच असेल, तर त्याला हसू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे त्याच्यासोबत बसून फोन लावा.