टॅपेटचा आवाज

जुनी मोटारसायकल पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा डोळ्यांपेक्षां कानांवर अधिक भिस्त ठेवतो. विकणारा किक मारतो, इंजिन संथ लयींत चालूं लागतें, आणि त्या लयींत 'टक् टक्' असा बारीक खटका ऐकूं आला नाहीं कीं घेणाऱ्याचें समाधान होतें. हें समाधान पुष्कळदां महागांत पडतें. झडपांच्या बाबतींत गप्प बसलेलें इंजिन हें खटखटणाऱ्या इंजिनापेक्षां अधिक संशयास्पद मानावें.

उदाहरणादाखल ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट घेऊं. मूळची इंग्लंडांतील रेडिचची ही गाडी १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली. तिचें हें जुनें इंजिन २०१० च्या सुमारास मागें पडलें. त्याच्या जागीं जें आलें, त्यांत टॅपेट तेलाच्या दाबानें आपोआप बेतशीर राहतात. जुन्या इंजिनास मात्र मनुष्याचा हात लागतो.

त्याची रचना साधी आहे. एका झडपेनें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत येतें, दुसरीनें जळालेला धूर बाहेर जातो. खालीं फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नांवाच्या कांडीला वर ढकलतो, कांडी माथ्यावरील रॉकरचें एक टोक उचलते आणि त्याचें दुसरें टोक झडप दाबून उघडतें. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप सेकंदास २५ वेळां उघडते व मिटते. या साखळींत सैलपणा वाढला कीं भाग एकमेकांवर आपटतात. तोच तो खटका. झडप उशिरां व कमी उघडते, गाडीचा जोर किंचित उतरतो. नुकसान होतें खरें, पण तें सांगून सवरून होतें.

घट्टपणाचें तसें नाहीं. धुराची झडप तापून लाल होण्याच्या बेतास येते. तिची बहुतेक उष्णता ती मिटून आपल्या बैठकीवर टेकली म्हणजे उतरते. साखळी घट्ट असेल तर ती पुरती टेकत नाहीं. पेटलेला वायु त्या फटींतून निसटतो आणि झडपेची कड जाळीत सुटतो. आवाज मुळींच होत नाहीं. उलट खटका गेला म्हणून मालक मिस्त्र्याचें कौतुकच करतो! शिवाय झडप झिजून बैठकींत रुतत गेली, तर कोणीं हात न लावतांही फट आपोआप मिटत जाते.

तपासणी थंड इंजिनावर करावी. गाडी रात्रभर उभी असलेली बरी. विकणाऱ्यानें ती आधींच तापवून ठेवली असल्यास दुसऱ्या दिवशीं जावें. प्लग काढून, गाडी मधल्या स्टँडवर चढवून वरच्या गिअरमध्यें घालावी आणि मागचें चाक हातानें पुढें फिरवावें. प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्यास वारा ढकलूं लागला म्हणजे दाबाचा फेरा आला. दट्ट्या माथ्यावर पोंचला कीं थांबावें. या ठिकाणीं दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. दट्ट्या धूर बाहेर टाकूनही माथ्यावर येतो, पण तेव्हां दोन्ही झडपा किंचित उघड्या असतात, आणि तेथें केलेलें सारें काम फुकट जातें.

आतां सिलिंडरच्या पायथ्याशीं, उजव्या बाजूस असलेलें लहान झाकण काढावें. आंत दोन्ही कांड्या दिसतात. कारखान्यानें थंड इंजिनास फट जवळजवळ शून्य सांगितली आहे, म्हणून येथें मापाच्या पात्यांचें कारण नाहीं. अंगठा व तर्जनी पुरेशी आहेत. कांडी चिमटींत धरून फिरविली तर सहज फिरली पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. ती अडत असेल तर एका पान्यानें टॅपेट धरून दुसऱ्यानें लॉकनट सैल करावा आणि जुळणीचा भाग किंचित किंचित फिरवावा. नट आवळतांना जुळणी हटकून सरकते. म्हणून आवळून पुन्हां पाहावें, प्रसंगीं चारदां. घाईच्या मिस्त्र्याचें काम बिघडतें तें येथेंच.

घेणाऱ्यानें यानंतर प्लग बसवून किक सावकाश दाबावी. डिकंप्रेसरला हात लावूं नये. कांड्या मोकळ्या करूनही किक पायास न रोखतां खालीं जात असेल, तर प्लगच्या भोकांतून थोडें इंजिनचें तेल सोडून पुन्हां दाबून पाहावी. जोर परत आला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. न आला तर झडप जळाल्याचा संशय घ्यावा. तेव्हां डोकें उतरविणें भाग आहे, आणि तो खर्च धरूनच किंमतीचें बोलणें करावें.