कौसानीला जावे, ते राहायला

प्रवासाचा बेत ठरला की आपल्या मध्यमवर्गीय घरांत कागद-पेन्सिल निघते आणि दहा दिवसांत बारा गावे कशी बसवायची, याचे त्रैराशिक सुरू होते. धानोऱ्याला आमच्या घरी यंदा आईनेच ते मोडून काढले. तिचे वय पंचाहत्तर, गुडघे कुरकुरणारे. "हिमालय एकदा पाहायचाय, पण बसून," एवढेच ती म्हणाली. नैनिताल, मसुरी बाद झाली. कुमाऊँमधले कौसानी ठरले.

शांततेसाठी धानोऱ्याच्या माणसाने हजार मैल जावे, याचे शेजाऱ्यांना हसू आले. शांतता आमच्या साग-बांबूच्या जंगलात मुबलक आहे, हे खरे. पण इथे नजर झाडाशी अडते. कौसानीत ती त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुलीपर्यंत पोचते. गाव सुमारे १,८९० मीटर उंच, आणि समोरची नंदादेवी ७,८१६ मीटर!

१९२९ च्या जूनमध्ये गांधीजी इथे जवळजवळ दोन आठवडे राहिले. 'अनासक्तियोग' या गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची प्रस्तावना त्यांनी इथेच लिहिली. ती वास्तू आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. तिथे साधी खोली मिळते. मात्र आधी कळवावे आणि सायंप्रार्थनेला बसावे.

आम्हा वैदर्भीयांना याहून जवळच्या वाटतात त्या सरलाबेन. मूळच्या लंडनच्या कॅथरिन हाइलमन. सेवाग्रामला काम करताना वर्ध्याचे ऊन आणि मलेरिया यांनी त्या खंगल्या. मलेरिया म्हणजे काय, हे गडचिरोलीकरांना सांगायला नकोच! १९४१ च्या सुमारास गांधीजींनी त्यांना कुमाऊँच्या डोंगरात धाडले. हवापालटाला गेलेल्या बाई पहाडाच्याच होऊन गेल्या. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेल्या आणि १९४६ मध्ये त्यांनी कौसानीत पहाडी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला.

आता व्यवहाराचे. धानोऱ्याला रेल्वे नाही. एस.टी.ने गडचिरोली, तिथून नागपूर, मग दिल्ली. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम. रूळ तिथेच संपतात. पुढे अल्मोड्यावरून सुमारे १४० किलोमीटर वळणावळणाचा घाटरस्ता. म्हातारे माणूस बरोबर असेल, तर अल्मोड्याला एक रात्र टेकावे. पावसाळ्यात दरडी कोसळतात. उन्हाळ्यात वणव्यांच्या धुराने डोंगर झाकोळतात. दिवाळीच्या सुमारास आकाश निवळते आणि शाळा-कॉलेजांना सुट्टीही असते. पहाटे दात वाजतात, म्हणून लोकरीचे कपडे ट्रंकेच्या तळाशी नकोत, हाताशी हवेत.

मुक्काम एकाच जागी, निदान चार दिवसांचा. फार तर एक सकाळ गोमतीकाठच्या बैजनाथला द्यावी. कत्यूरी राजांच्या काळची दगडी देवळे पाहावी आणि परतावे.

"चार दिवस करायचे काय?" असे कोणी विचारील. वाट पाहायची! आकाश निवळलेले असले, तरी ढग केव्हा येतील याचा नेम नसतो. एका रात्रीपुरता आलेला पाहुणा ढग पाहून परततो. चार दिवस बसलेल्याला हिमालय एखाद्या सकाळी भेटतो.