दुकान चालू ठेवून डिस्क कशी बदलायची?

व्हिडिओत हा भाग घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

बँका, विमा कंपन्या ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतात त्याला मेनफ्रेम म्हणतात. आयबीएमच्या मेनफ्रेमवर २००० सालापासून लिनक्सही चालतं. तिथलं स्टोरेज जुनं झालं की बदलावंच लागतं. पण "आज डिस्क बदलतोय, उद्या या" असं बँक म्हणू शकते का? तिथे लिनक्सची जी सोय वापरतात, तीच आपल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर फुकट मिळते. नाव एलव्हीएम.

गोदामाचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक काउंटरवर माल मागतं. तो कुठल्या गोदामातून आला याच्याशी त्याला काय देणंघेणं? हिशेब मुनीमजींच्या वहीत. एलव्हीएम म्हणजे ते मुनीमजी. नवी डिस्क जोडून 'पीव्हीक्रिएट'ने तयार करायची, 'व्हीजीएक्स्टेंड'ने जुन्या गटात घ्यायची आणि 'पीव्हीमूव्ह' सुरू करायचं. डेटा साधारणपणे ४ एमबीच्या तुकड्यांत मोजलेला असतो, तो इकडून तिकडे जातो आणि बिलं फाटत राहतात. मध्येच लाइट गेली तर? पीव्हीमूव्ह पुन्हा चालवा, शेवटच्या नोंदीपासून पुढे जातं. सगळं हललं की 'व्हीजीरिड्यूस'ने जुनी डिस्क गटातून बाहेर. मेनफ्रेमवरही हाच क्रम, फक्त नवी डिस्क आधी सिस्टिममध्ये चालू करावी लागते. डॅस्ड प्रकारची असेल तर तिचं वेगळं फॉरमॅटिंगही असतं.

आता माझी फजिती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी हे सगळं केलं, खूश होऊन रात्री जुनी डिस्क काढली. सकाळी कॉम्प्युटर चालूच होईना! गिऱ्हाईक दारात, मी हाताने पावत्या लिहितोय. डेटा नव्या डिस्कवर सुखरूप होता, पण कॉम्प्युटर सुरू करणारा भाग, म्हणजे बूट, एलव्हीएमच्या बाहेर होता. माल नव्या गोदामात, शटरची किल्ली जुन्या गोदामात. पीव्हीमूव्ह ती किल्ली हलवत नाही. बरं झालं, जुनी डिस्क पुसली नव्हती. परत जोडली, दिवाळी तशीच काढली.

म्हणून नव्या डिस्कवर आधीच बूटसाठी वेगळी जागा ठेवा. मी पूर्ण डिस्क एलव्हीएमला देऊन बसलो होतो. त्या जागेत बूटच्या फाइल्स आणून ग्रब नव्याने बसवा. मेनफ्रेमवर याच कामासाठी 'झिपल' चालवतात.

आणि हो, पीव्हीमूव्ह म्हणजे बॅकअप नाही. जुन्या डिस्कचे सेक्टर खराब असले तर ते मध्येच अडकतं. म्हणून डिस्क कुरकुर करायच्या आधीच हे काम काढा, आणि पहिल्यांदा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. त्यातलं एखादं जुनं बिल उघडून बघा. जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात ठेवा. मी अजून ठेवलीये.