मागचं सोडायचं, पण कसं?

'अगं सोड ना, मूव्ह ऑन कर!' कट्ट्यावर हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतंच. ब्रेकअप झालं, मूव्ह ऑन. केटी लागली, मूव्ह ऑन. कुणाशी वाजलं, ब्लॉक कर आणि मूव्ह ऑन. मीही हेच करत आले. सेकंड इयरला ग्रुप प्रोजेक्टच्या वेळी एका मैत्रिणीने काहीच काम केलं नाही, असं मी सरांना सांगितलं होतं. खरं तर अर्धी स्क्रिप्ट तिचीच होती. तिचे बाबा हॉस्पिटलमध्ये होते म्हणून प्रेझेंटेशनला ती नव्हती, एवढंच. तिचे मार्क कापले गेले. नंतर आम्ही धड बोललोच नाही. 'जाऊ दे, जुनी गोष्ट आहे,' म्हणून मी तो विषय बंद केला.

तो पुन्हा उघडला माझ्या रूममेटमुळे. ती वसईची, कॅथलिक. ईस्टरच्या आधी त्यांचा उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण घेऊन तो सुरू होतो आणि रविवार सोडले तर चाळीस दिवस चालतो. त्या दिवसांत एका रात्री ती वही घेऊन काहीतरी लिहीत बसली होती. विचारलं तर म्हणाली, 'शनिवारी पापनिवेदनाला जायचंय. काय काय चुकलं ते आठवतेय.'

मी हसले. 'भारी आहे तुमचं. फादरना सांगितलं की पाटी कोरी!'

'एवढं सोपं असतं तर यादी कशाला केली असती?' ती म्हणाली.

मग तिने समजावलं. आधी मनापासून पस्तावा हवा. मग स्वतःच्या तोंडाने चूक सांगायची, ती पुन्हा न करण्याचं ठरवायचं आणि फादर सांगतील ते प्रायश्चित्त करायचं. पण कुणाचं काही घेतलं असेल तर ते परत करावंच लागतं. कुणाची बदनामी केली असेल तर जमेल तितकी भरून काढावी लागते. देव माफ करतो म्हणून समोरच्याचं नुकसान आपोआप भरून निघत नाही. तिने बायबलमधल्या जक्कयाची गोष्ट सांगितली. हा यरीहोचा श्रीमंत जकातदार. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. नवं आयुष्य सुरू करताना जुना हिशोब त्याने टाळला नाही.

मला एकदम सेकंड इयर आठवलं.

पौलाची मार्कशीट

'मागचं विसरून पुढे जा' हा विचार ख्रिस्ती लोक बहुतेक वेळा संत पौलाच्या नावाने सांगतात. त्याने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो येतो. रूममेटकडून बायबल घेऊन मी तो अख्खा अध्याय वाचला आणि तीन गोष्टींनी चकित झाले.

पहिली म्हणजे, हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिलंय. सगळं छान चाललेल्या माणसाचा तो मोटिव्हेशनल रील नाही.

दुसरी म्हणजे, 'मागचं' या शब्दात फक्त चुका नाहीत. त्याआधी पौल स्वतःचा बायोडेटाच देतो. कुळ कुठलं, घराणं कुठलं, धर्मशास्त्र किती काटेकोरपणे पाळलं, सगळं. आणि मग हे सगळं आपण कचऱ्यात काढलं असं म्हणतो. म्हणजे सोडायचं ते अपयशच असं नाही, जुन्या यशाची ऐटही सोडायची. दहावीचे ९५ टक्के फायनल इयरलाही मिरवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे लागू पडतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पौल खरोखर काही विसरलेला नव्हता. तरुणपणी तो शौल नावाने ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा. स्तेफनाला दगडांनी ठार मारलं, तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे त्याच्या पायाशी ठेवले होते. हा भूतकाळ तो पुढेही पत्रांमधून स्वतः सांगत राहिला. लपवला नाही, पण त्यातच अडकूनही बसला नाही. शर्यतीत धावणारा मागे बघत राहिला तर वेग जातो. मागचा रस्ता मात्र त्यानेच पार केलेला असतो.

याच अध्यायात पौल म्हणतो की, मी अजून पोहोचलेलो नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, जे प्रौढ आहेत त्यांनी असाच विचार करावा. म्हणजे आध्यात्मिक प्रौढता म्हणजे 'मी पोहोचलो' असं वाटणं नव्हे. आपण अजून वाटेवरच आहोत, हे कबूल करता येणं ही प्रौढता.

तुरुंगातली राखी

हे प्रत्यक्षात कुणाला जमतं का? आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं उदाहरण आहे. मूळच्या केरळच्या सिस्टर राणी मारिया तिथे आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांची चाकूने भोसकून हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. २००२मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेलाही कुटुंबाने पाठिंबा दिला. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरी जाऊन आईला भेटला. २०१७मध्ये इंदूरला राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आलं. संतपदाच्या आधीची ही पायरी.

यात दोन तारखा बघा. १९९५ आणि २००२. मधे सात वर्षं आहेत. माफी ही एका रात्रीत टाकायची स्टोरी नसते.

आणखी एक. राखी बांधली तेव्हा समंदरसिंह शिक्षा भोगत होता. माफीने गुन्हा पुसला गेला नाही, कायदाही थांबला नाही. हे आपल्या वयात नीट समजून घ्यायला हवं. त्रास देणाऱ्या बॉयफ्रेंडला माफ करणं म्हणजे त्याच्याकडे परत जाणं नव्हे. रॅगिंग करणाऱ्याबद्दल मनातला राग सोडता येतो आणि त्याची तक्रारही करता येते. सोडायचं असतं ते सूड घेण्याचं ओझं.

आणि मी?

समंदरसिंहच्या गोष्टीपुढे माझी गोष्ट फारच छोटी. पण 'मूव्ह ऑन' म्हणत मी जे केलं, ते सोडून देणं नव्हतं, पळणं होतं, हे आता कळलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी विसरावं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. ज्याने केलं, त्याने आधी समोर जायचं.

मी त्या मैत्रिणीला फोन केला. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा वाजू दिला. जे केलं ते सांगितलं, 'पण' न लावता. सरांनाही मेल करून खरं काय ते कळवते म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'सांगितलंस ते बरं केलंस. पण त्या वेळी खूप लागलं होतं गं.'

आम्ही परत पूर्वीसारख्या मैत्रिणी झालोय का? नाही. कदाचित होणारही नाही. सरांना मेल मात्र मी त्याच रात्री पाठवला.