स्पेक्ट्रमच्या खोडी

२३ सेंटिमीटर लांबीची काळी डबी, वर रबराची ४० राखाडी बटणे आणि उजव्या कोपऱ्यात तांबडा, पिवळा, हिरवा, आकाशी असा तिरका पट्टा. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला, तेव्हा १६ केबी मेमरीच्या मॉडेलची किंमत होती १२५ पौंड आणि ४८ केबीची १७५. शाळाशाळांतून पोचत असलेल्या बीबीसी मायक्रोच्या बी मॉडेलला ३९९ पौंड पडत. पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी घरातलाच कॅसेट रेकॉर्डर. ब्रिटनमधल्या साध्या घरात संगणक शिरला तो या हिशेबामुळे.

किंमत खाली ठेवायची तर कुठेतरी काटछाट करावीच लागते. स्पेक्ट्रममधली प्रत्येक काटछाट वापरणाऱ्याला एखाद्या खोडीच्या रूपाने भेटायची. ती का होते, याचा छडा लावता लावता हजारो मुले यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोचली. म्हणूनच स्पेक्ट्रमचे सर्वात चांगले वर्णन त्याच्या खोडींवरून करता येते, असे मला वाटते.

सर्वात प्रसिद्ध खोड रंगांची. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, म्हणजे एकूण ४९,१५२. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर २४,५७६ बाइट लागले असते. छोट्या मॉडेलची अख्खी मेमरीही तेवढी नव्हती. हार्डवेअर रचणाऱ्या रिचर्ड ऑल्टवॉसर यांनी ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट ठेवले आणि रंगांसाठी फक्त ७६८. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनाला एक बाइट, त्यात रंग दोनच: एक रेघेचा, एक मागचा. सगळा पडदा ६,९१२ बाइटांत बसला. पण पिवळा खेळगडी हिरव्या झाडापुढून गेला की त्या चौकोनापुरते झाड पिवळे व्हायचे. ॲट्रिब्यूट क्लॅश म्हणतात तो हाच. यातून वाट काढताना खेळ लिहिणाऱ्यांचा कस लागला. ‘अल्टिमेट’ कंपनीच्या १९८४ सालच्या ‘नाइट लोअर’ या खेळात प्रत्येक खोली एकाच रंगात रंगवली आहे. क्लॅश व्हायला दुसरा रंगच नाही, आणि त्या एकरंगी खोल्या आजही देखण्या दिसतात.

दुसरी खोड चित्र लोड होताना डोळ्यांसमोर घडायची. ओळी वरून खाली ओळीने भरत नसत. आधी पडद्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात शून्यावी, आठवी, सोळावी अशा ओळी उमटत, मग पहिली, नववी, सतरावी. तो हिस्सा भरला की मधला, मग खालचा आणि शेवटी रंग भराभर पसरत. पडदा काढणारी यूएलए ही फेरांटी कंपनीची चिप ठिपक्यांचा बाइट आणि त्याच्या रंगाचा बाइट पाठोपाठ उचलते. दोन्हींच्या पत्त्यांचा खालचा अर्धा भाग सारखा ठेवला की मेमरीला तो एकदाच सांगावा लागतो आणि वेळ वाचतो. ही मांडणी चिपच्या सोयीची, पण मशीन कोडमध्ये लिहिणाऱ्याने ती ओळखली की त्याचीही सोय होई. चौकोनातल्या खालच्या ओळीवर जायला पत्त्यात २५६ मिळवायचे, म्हणजे झेड८० प्रोसेसरची एकच सूचना.

डबी उघडणाऱ्यांना आणखी गमती दिसत. ४८ केबीच्या मॉडेलमधली वरची ३२ केबी मेमरी अर्ध्या खराब चिपांवर उभी होती. ६४ किलोबिटच्या चिपांपैकी ज्यांचा एक अर्धा भाग चाचणीत नापास झालेला असे, त्या स्वस्तात घेऊन चांगला अर्धा वापरलेला. कोणता अर्धा, हे बोर्डावरच्या एका छोट्या तारेवरून कळे. अगदी पहिल्या बोर्डांवर यूएलएतली एक चूक निस्तरण्यासाठी एक छोटी चिप पाय वर करून चिकटवलेली असायची. हौशी मंडळी तिला ‘मेलेले झुरळ’ म्हणत.

कॅसेटचा छळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला आला. जे दाबले की पूर्ण लोड हा शब्द उमटे, मग सिंबॉल शिफ्ट धरून दोनदा पी, की अवतरण चिन्हे. टेप सुरू केली की पडद्याच्या कडेला तांबडे-आकाशी जाड पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागत. एकचा नाद शून्याच्या दुप्पट लांब, एवढीच सगळी भाषा. मोठ्या खेळाला चार-पाच मिनिटे लागत. बाइट बरोबर आले की नाहीत, हे भागाच्या शेवटच्या बाइटावरून ताडले जाई, म्हणून सगळे पट्टे नीट धावल्यावरही अखेरीस ‘टेप लोडिंग एरर’ झळके. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरने रेकॉर्डरचे हेड किंचित तिरपे करून पुन्हा पहिल्यापासून. पट्टे पाहून आणि आवाज ऐकून हेड कुठे चुकलेय ते ओळखणारे त्या पिढीत पुष्कळ होते.

मला सर्वात जवळची वाटते ती रॉममधली चूक. १६ केबीच्या रॉममधले बेसिक ‘नाइन टाइल्स’ या संस्थेच्या स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिले. काम पुरते संपलेच नाही. रॉममध्ये ११७० बाइट रिकामे राहिले. व्हिकर्स आणि ऑल्टवॉसर त्याच वर्षी आपापल्या नोकऱ्या सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ज्युपिटर एस हा स्वतःचा संगणक काढला. १९८३ मध्ये इयन लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी रॉमची सूचनान् सूचना उलगडून, टिपांसह पुस्तक छापले. आता सोळा वर्षांच्या मुलालाही यंत्राच्या मनात काय चालते ते वाचता येत होते. एनएमआय नावाचा एक तातडीचा इशारा प्रोसेसरला देता येतो. तो आला की ठरावीक जागी नोंदलेला पत्ता पाहायचा, तो शून्य असेल तर काही करू नये, नसेल तर तिथे उडी मारावी, असा बेत दिसतो. प्रत्यक्षात उलटे झाले: पत्ता असेल तर रॉम काहीच करत नाही, शून्य असेल तर यंत्र रिसेट होते. ‘शून्य असेल तर’ या सूचनेचा आकडा ४० आणि ‘शून्य नसेल तर’चा ३२. फरक फक्त एका बिटाचा. तेवढ्याने एक अख्खी सोय निकामी झाली. पुढे मल्टिफेससारख्या जोडउपकरणांनी तोच इशारा वापरला, पण त्या क्षणी स्पेक्ट्रमची रॉम बाजूला सारून स्वतःची रॉम पुढे करून.

रॉम बदलता येत नसे. रॅम मात्र ‘पोक’ या आज्ञेने कुणालाही बदलता येई. मासिकांच्या पत्रव्यवहारात पोक कमांडांची देवाणघेवाण अखंड चाले. १९८४ च्या ‘जेट सेट विली’त माळ्यावरच्या खोलीतला एक बाण पडद्याच्या मेमरीबाहेर उमटायचा आणि इतर खोल्यांची माहिती बिघडवायचा. त्यामुळे खेळ पूर्ण होणेच अशक्य. प्रकाशकाने आधी हे मुद्दामच केल्याचे सांगितले, पण अखेर दुरुस्तीचे पोक प्रसिद्ध करावे लागले. खेळ विकत घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने आकडे टाकून तो दुरुस्त करायचा, हे तेव्हा कुणाला जगावेगळे वाटले नाही.

या यंत्राचे आपल्याशीही नाते आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला. रबराऐवजी कडक प्लॅस्टिकची बटणे, बाजूला रिसेटचे बटण, आत तोच ४८ केबीचा स्पेक्ट्रम. आपल्याकडे तेव्हा बहुतेक घरांतला टीव्ही कृष्णधवल होता, आणि इथे मूळ रचनेतली एक समजूतदार गोष्ट कामाला येते. स्पेक्ट्रमचे रंग काळा, निळा, तांबडा, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा अशा क्रमाने लावले आहेत. हा क्रम उजळपणाचा आहे. कृष्णधवल पडद्यावर शून्य ते सात म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सलग छटा. रंगीत टीव्ही नसला म्हणून चित्र हरवत नाही.

अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला. नव्वदीच्या सुरुवातीला उत्पादन थांबले, पण खोडींचा अभ्यास थांबला नाही. यूएलए चिपच्या आत काय आहे, हे ठाऊक नव्हते. क्रिस स्मिथ यांनी उघड्या केलेल्या चिपच्या छायाचित्रांवरून तिचे सर्किट पुन्हा मांडले आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. खालची १६ केबी मेमरी यूएलए आणि प्रोसेसर दोघांनाही लागते. यूएलए आपले काम होईपर्यंत प्रोसेसरचे घड्याळच अडवून धरते. तरीही प्रोसेसरच्या आय रजिस्टरमध्ये ६४ ते १२७ मधला आकडा ठेवला, तर मेमरी ताजी ठेवण्याच्या चक्रात दोघांची टक्कर होते आणि पडद्यावर बर्फासारखे ठिपके उसळतात. आजच्या काटेकोर इम्युलेटरांमध्ये हे ठिपकेही बरोबर त्याच क्षणी, त्याच जागी उमटावेत म्हणून घड्याळाचा एकेक ठोका मोजलेला असतो.